पुणं की नाशिक? आधी शिकवणार कोण ते विचार

सुरगाणा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीचं पत्र आलं आहे. पत्र लांब आहे, म्हणून थोडं आवरून देते.

"मॅडम, नमस्कार. मी भूगोल घेऊन बी.ए. झाले. घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. पुणे विद्यापीठाच्या भूगोल विभागाची प्रवेशपरीक्षा दिली होती, तिथल्या यादीत नाव लागलं आहे. नाशिकच्या एका कॉलेजातही एम.ए.ला जागा मिळते आहे. दादा म्हणतो, विद्यापीठाचं उपकेंद्र आता आपल्या दिंडोरी तालुक्यातच आहे, तिथे पीजी सुरू होईल, वर्षभर थांब. गावातले एक सर म्हणतात, उपकेंद्राची डिग्री दुय्यम, मुलाखतीला कुणी विचारत नाही. आत्या म्हणते, मुक्त विद्यापीठातून घरी बसून कर, तोवर आश्रमशाळेत मानधनावर लाग. बाबा काहीच बोलत नाहीत, पण पुण्याचं नाव निघालं की उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात. मला आमच्या भागातल्या पाण्यावर अभ्यास करायचा आहे. पावसाळ्यात आमच्याकडे दहा-दहा दिवस सूर्य दिसत नाही आणि मार्च लागला की आई कोसभर लांबून हंडा आणते. असं का होतं, ते मला नीट शिकायचं आहे. मी कुठे जाऊ?"

गावातल्या सरांच्या वाक्यापासून सुरुवात करते, कारण त्या वाक्याने तुझ्या मनात नको ती भीती घातली आहे. पदवी देतं ते विद्यापीठ. कॉलेज देत नाही, उपकेंद्रही देत नाही. तू सुरगाण्यात बसून बी.ए. केलंस, तरी प्रमाणपत्रावर नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचंच. म्हणजे ज्या पदवीच्या जोरावर तू आज एम.ए.चा फॉर्म भरलास, ती मुळातच पुण्याबाहेर मिळवलेली पुण्याची पदवी आहे. उपकेंद्र तर विद्यापीठाचाच एक भाग, संलग्न कॉलेजापेक्षाही जवळचा. जी कॉलेजं स्वायत्त झाली आहेत, ती अभ्यासक्रम आपला आखतात, परीक्षा आपली घेतात, पण तिथेही पदवी देणारं विद्यापीठच.

आणि एक बघ. तुमची एसटी वणी-दिंडोरीवरून नाशिकला येते, तेव्हा म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ लागतं. १९९८ साली ते स्थापन झालं आणि राज्यभरातली वैद्यकीय कॉलेजं त्याला जोडली गेली. मुंबईच्या केईएममध्ये शिकणाऱ्या मुलीच्या एम.बी.बी.एस.च्या पदवीवर नाव या म्हसरूळच्या विद्यापीठाचं असतं. नागपूरच्या सरकारी मेडिकलमधल्या मुलाच्याही. छातीला नळी लावणाऱ्या डॉक्टरला 'तुमची डिग्री नाशिकची का हो' असं कुणी विचारल्याचं मी ऐकलेलं नाही. गाव लहान म्हणून पदवी लहान होत नाही.

हा दुय्यमपणाचा धाक जुना आहे. नाशिकमध्ये १९२४ साली एचपीटी कॉलेज सुरू झालं, तेव्हा इथल्या मुलांची पदवी मुंबई विद्यापीठाची असायची. पुणे विद्यापीठ १९४९ साली झालं, मग आपण पुण्याकडे तोंड करून बसलो. त्या वेळी पुण्याची हद्द केवढी मोठी होती! १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झालं आणि दक्षिणेकडचे जिल्हे गेले. १९९० साली जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं, धुळे आणि जळगाव गेले. आता पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक एवढे तीन जिल्हे राहिले.

जळगावचं विद्यापीठ झालं तेव्हाचं मला चांगलं आठवतं. माझं माहेर निफाड तालुक्यातलं, पण मावशी चाळीसगावला. तिची मुलगी तेव्हा कॉलेजात होती. घरात नुसता गोंधळ. पुण्याची डिग्री गेली, आता जळगावच्या डिग्रीला कोण विचारणार, स्थळं येतील का, असं सगळं. तीच मुलगी पुढे रसायनशास्त्रात पीएच.डी. झाली, जळगावातूनच. आज त्या विद्यापीठाला बहिणाबाई चौधरींचं नाव आहे आणि खानदेशातली माणसं 'आमचं विद्यापीठ' म्हणतात. सोलापूरला तर आधी शिवाजी विद्यापीठाचं पदव्युत्तर केंद्र होतं. त्यातूनच २००४ साली एका जिल्ह्यापुरतं स्वतंत्र विद्यापीठ उभं राहिलं. आज जे केंद्र आहे ते उद्या केंद्रच राहील असं काही नाही.

नाशिकचं मात्र थोडं विचित्र आहे, आणि त्यामुळेच तुझ्या घरात चार माणसांची चार मतं झाली आहेत. या शहरात दोन सरकारी विद्यापीठांची मुख्यालयं आहेत, एक मुक्त आणि एक आरोग्याचं. दोन्ही अख्ख्या महाराष्ट्राची. पण साधं बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी. करणारं नाशिक जिल्ह्यातलं पोर अजून पुण्याचं. त्याचं विद्यापीठ दोनशे किलोमीटरवर. तुझ्या सुरगाण्यापासून धरलं तर तीनशेच्या आसपास. म्हणूनच दिंडोरी तालुक्यात शिवनईला उपकेंद्रासाठी जागा मिळाली तेव्हा मला मनापासून आनंद झाला होता. मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरीला उपकेंद्र आहे, मराठवाडा विद्यापीठाचं धाराशिवला आहे. आपल्या जिल्ह्यालाही ते हवंच होतं.

पण आनंद वेगळा आणि तुला द्यायचा सल्ला वेगळा.

दुय्यम असं जे काही असतं ते कागदावर नसतं, वर्गात असतं. म्हणजे शिकवणारी माणसं आहेत की नाहीत, त्यात. मी बत्तीस वर्षं या जिल्ह्यातल्या कॉलेजांत शिकवलं. एक पूर्णवेळ प्राध्यापक, जीव ओतून शिकवणारा, नकाशे स्वतःच्या पैशाने विकत आणून भिंतीला लावणारा, अशा एका माणसाच्या बळावर पीजीचा अख्खा वर्ग उभा राहिलेला मी पाहिला आहे. आणि छान रंगवलेल्या इमारतीत, नव्या बाकांवर, सीएचबीवरच्या तीन पोरांच्या भरवशावर सोडून दिलेला वर्गही पाहिला आहे. सीएचबी म्हणजे तासिका तत्त्व, जितके तास घेतले तितक्याचे पैसे. त्या पोरांचा यात काही दोष नाही. सेट म्हणजे प्राध्यापक व्हायला लागणारी पात्रता परीक्षा पास झालेली, पीएच.डी. झालेली गुणी मुलं असतात ती. पण सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसऱ्या कॉलेजात दोन तास करणाऱ्या माणसाने तुझ्या शोधनिबंधाचा मसुदा वाचायचा कधी?

म्हणून तुझ्या दादाला सांग, इमारत उभी राहिली म्हणजे विभाग उभा राहिला असं होत नाही. विभागाला मंजूर पदं लागतात, ती सरकारकडून यावी लागतात, मग भरावी लागतात. आपल्या राज्यात हे काम किती रेंगाळतं ते कुठल्याही प्राध्यापकाला विचार. 'सुरू होईल' या शब्दावर वर्ष घालवू नकोस. हे मी अगदी ठामपणे सांगते आहे. घरात पहिलीच शिकणारी मुलगी वर्षभर थांबली की ते वर्ष एकटं येत नाही. ते सोबत कांद्याची लागवड आणतं, कुणाचं तरी बाळंतपण आणतं, बघायला येणारे पाहुणे आणतं. माझ्या वर्गातल्या हुशार मुलींपैकी कितीतरी जणी 'पुढच्या वर्षी नक्की येते मॅडम' म्हणून गेल्या. त्या मला अजून भेटतात, बाजारात, लग्नात. नजर चुकवतात, आणि मला फार वाईट वाटतं, कारण चुकलेलं काहीच नसतं त्यांचं.

थांबायचं नाही, हे एक ठरलं.

आत्याचं म्हणणं मात्र झटकून टाकू नकोस. मुक्त विद्यापीठाबद्दल या जिल्ह्यात लोक फार हलकं बोलतात. विद्यापीठ दाराशी असूनही किंमत कळत नाही म्हणतात तसं झालं आहे. १९८९ साली ते स्थापन झालं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचं ब्रीद. मी बरीच वर्षं एका अभ्यासकेंद्रावर रविवारी शिकवायला जायचे. समोर कोण बसायचं? रात्रपाळी करून आलेला पोलीस. सातपूरच्या कंपनीतला फिटर. दोन लेकरांना सासूजवळ ठेवून आलेली बाई, जिचं शिक्षण नववीत सुटलं होतं. त्यांच्याइतकं लक्ष देऊन ऐकणारा वर्ग मला नियमित कॉलेजात क्वचित मिळाला. मान्यताप्राप्त विद्यापीठाची मुक्त पद्धतीची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरावी, हे यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, २०२२ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केलं आहे. फक्त, त्या वर्षी त्या विषयाला मान्यता आहे ना, एवढं प्रवेशाआधी बघायचं.

पण ते विद्यापीठ मुळात कुणासाठी निघालं? ज्यांना घर, नोकरी, गाव सोडता येत नाही, त्यांच्यासाठी. तुला सोडता येतं आहे. तुझ्यासमोर वर्ग आहे, प्रयोगशाळा आहे, रोजचा शिक्षक आहे. आणि तुझा विषय घरी पुस्तक वाचून पुरा होणारा नाही. मुक्तचं दार काही बंद होत नाही. आता तर नियमित पदवी करता करता दुसरी पदवी दूरस्थ पद्धतीने करायलाही यूजीसीची मुभा आहे. पुढे आणखी एखाद्या विषयाची गरज वाटली तर ते दार आहेच. आत्याला हे नीट समजावून सांग. तिने तुझ्या हातात दोन पैसे यावेत म्हणूनच सुचवलं आहे.

आता राहिलं पुणं आणि नाशिकचं कॉलेज.

आधी नाशिकच्या कॉलेजात स्वतः जा. फोनवर विचारू नकोस, फोनवर सगळं 'आहे, आहे' असंच असतं. भूगोल विभागात जाऊन विचार, पीजीला पूर्णवेळ शिक्षक किती आणि सीएचबीवर किती. पीएच.डी.चे मार्गदर्शक म्हणून कुणाला मान्यता आहे का. गेल्या दोन वर्षांत किती जणांनी प्रवेश घेतला आणि त्यातले किती शेवटपर्यंत टिकले. टोपोशीट, म्हणजे डोंगर-उतार-ओढे दाखवणारे सविस्तर नकाशे, आहेत का. संगणकावर जीआयएस, म्हणजे नकाशावर माहिती मांडायचं तंत्र, शिकवतात की नुसतं पाठ करून घेतात. मग ग्रंथालयात जाऊन दुपारी तासभर बस. तासाभरात तुला सगळं कळेल: खुर्च्या भरलेल्या आहेत का, पुस्तकं हातात देतात की चिठ्ठी लिहून खिडकीत ठेवायला लावतात, दिवे किती वाजता बंद होतात. शेवटी गेटाबाहेरच्या चहाच्या टपरीवर पीजीची मुलं शोध आणि त्यांना विचार. ती खरं सांगतील.

प्रश्न विचारायला लाजू नकोस. आपल्या भागातल्या मुलींना ऑफिसच्या खिडकीसमोर उभं राहिलं की आवाज फुटत नाही, हे मला माहीत आहे, कारण माझाही फुटत नव्हता. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठात आणि अनुदानित कॉलेजात शिक्षक किती आहेत हे विचारणं हा आगाऊपणा नाही. तोंडी उत्तर मिळालं नाही तर दहा रुपयांत माहिती अधिकाराचा अर्ज टाकता येतो. प्रवेशाच्या घाईत तेवढा वेळ मिळणार नाही, पण हा रस्ता आहे हे ठाऊक असलेलं बरं.

हेच प्रश्न पुण्यालाही विचारायचे. पुण्यातही रिकामी पदं आहेतच, मोठं नाव बघून हात जोडायचं कारण नाही. तरी माझा कल पुण्याकडे आहे, आणि का ते सांगते.

सत्तरच्या दशकात मी निफाडहून पुण्याला एम.ए.ला गेले. वडिलांनी द्राक्षाची पहिली बाग लावली होती ते वर्ष, हातात पैसा नव्हता. गणेशखिंडीतल्या त्या आवारात पहिले पंधरा दिवस मी रोज रडले. मग जयकर ग्रंथालय सापडलं. गावात मी कपाटभर पुस्तकं पाहिली होती. इथे एकाच विषयाची कपाटांची रांग होती, आणि एका लेखकाने लिहिलेलं दुसरा खोडून काढतो हे मला तिथे पहिल्यांदा दिसलं. तोपर्यंत मला वाटायचं, पुस्तकात छापलं म्हणजे संपलं. वर्गातलं मी बरंचसं विसरले. पण व्हरांड्यात विदर्भातल्या एका मैत्रिणीशी झालेलं भांडण अजून आठवतं. ती म्हणाली होती, तुम्ही नाशिककर गोदावरीबद्दल असं बोलता जसं काही ती तुमच्या गावातच संपते. त्या एका वाक्याने मी नदी उगमापासून मुखापर्यंत बघायला शिकले. विद्यापीठाच्या आवाराचं खरं देणं हे आहे. वेगवेगळ्या गावांहून, वेगवेगळे विषय घेऊन आलेली माणसं एका ठिकाणी राहतात आणि एकमेकांना सुखाने बसू देत नाहीत. शेजारच्या इमारतीत पर्यावरणशास्त्र असतं, भूगर्भशास्त्र असतं. तुझ्या पाण्याच्या प्रश्नाला हे सगळं लागणार आहे.

कारण तुझा प्रश्न सोपा नाही, पोरी. सुरगाणा, पेठ, त्र्यंबक हा सगळा पट्टा धो धो पावसाचा. पण खाली काळा कातळ, वर मातीचा पातळ थर आणि उतार उभे. कातळ पाणी फारसं पोटात धरत नाही, उतार ते थांबू देत नाही. नार आणि पार तुमच्याच डोंगरात उगम पावतात आणि पश्चिमेला गुजरातेत उतरून समुद्राला मिळतात. पूर्वेकडे गिरणेचं खोरं तहानलेलं, म्हणून नार-पारचं पाणी तिकडे वळवायच्या योजनेवर वर्षानुवर्षं बोललं जातं. त्या बोलण्यात इंजिनिअर असतात, पुढारी असतात, खालच्या खोऱ्यातले शेतकरी असतात, आणि त्यांची गरजही खरी आहे. पण जिथून पाणी निघतं तिथली, डोक्यावर हंडा घेतलेल्या घरातली, नकाशा वाचता येणारी, आकडा मांडता येणारी मुलगी त्यात किती वेळा दिसली? तुझ्या पाड्यावरच्या म्हातारीला ठाऊक असलेला एखादा झरा टोपोशीटवर नसेल. तो तिथे मांडायचं काम तूच करू शकतेस, कारण ती म्हातारी तुझ्याशी तुमच्या डोंगरातल्या कोकणी बोलीत बोलेल, पुण्याच्या संशोधकाशी बोलणार नाही.

म्हणून पुण्याला जा, पण प्रश्न सुरगाण्याचा घेऊन जा. शोधप्रकल्पाची वेळ येईल तेव्हा कुणीतरी सोपा, हाताशी असलेला विषय सुचवेल, मुळा-मुठेचा वगैरे. नम्रपणे नाही म्हण आणि नार-पारच्या उगमाकडची दोन-तीन गावं मांड. सुट्टीत घरी येशील तेव्हा विहिरींची पातळी मोजायला सुरुवात कर. दोन वर्षांत चार उन्हाळी-पावसाळी नोंदी झाल्या तरी तुझ्याकडे अशी वही असेल जी दुसऱ्या कुणाकडे नाही.

उपकेंद्राकडून माझी अपेक्षा नेमकी हीच आहे, आणि ही गोष्ट मी मिळेल त्या बैठकीत बोलते. पुण्याच्याच विभागांची छोटी नक्कल शिवनईला करून काय मिळणार? तिथे द्राक्षाचा अभ्यास व्हावा, लासलगावच्या कांद्याच्या बाजारभावाचा व्हावा, कोकणी आणि डांगी बोलींचा व्हावा, नार-पारचा व्हावा. हे विषय इथल्या मातीतले आहेत आणि शिवनईहून त्यांच्यापर्यंत एसटीने जाता येतं. विद्यापीठ कायदा २०१६ मध्ये उपपरिसराची तरतूद आहे, त्याला स्वतंत्र संचालक असतो. घर बांधून झालं की आता माणसं द्या, एवढंच मागणं आहे. तू शिकून परत येशील तेव्हा तिथे तुला शिकवायला जागा असावी असं मला फार वाटतं.

त्यासाठी एक काम तुला आत्ताच करता येईल. पदवी प्रमाणपत्र हातात आलं की विद्यापीठाची 'नोंदणीकृत पदवीधर' म्हणून नाव नोंदव. विद्यापीठाच्या अधिसभेवर, म्हणजे सिनेटवर, दहा जागा अशा पदवीधरांनी निवडून द्यायच्या असतात, त्यातल्या काही अनुसूचित जमाती, महिला वगैरेंसाठी राखीव. उपकेंद्राला पैसा किती, पदं किती, हे प्रश्न त्या सभागृहात विचारता येतात. विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाची यादी वेगळी, ही वेगळी. लोक दोन्हीत घोळ करतात. सुरगाणा-पेठेतून ही नोंदणी करणारं कुणी मला आजवर भेटलेलं नाही, आणि मग आपण म्हणतो आमचं कुणी ऐकत नाही.

आता पैशाचं आणि राहण्याचं. पुण्याचा निर्णय खरं तर यावरच अडेल. पत्रात तू सांगितलंस की तुझ्याकडे जमातीचा दाखला आहे, वैधता प्रमाणपत्राचा अर्ज नाशिकच्या तपासणी समितीकडे गेलेला आहे. त्याची पावती जवळ ठेव आणि पाठपुरावा सोडू नकोस. विद्यापीठाच्या मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज प्रवेशासोबतच भर, नंतर नाही. आदिवासी विकास विभागाचं वसतिगृह पुण्यातही आहे, तिथेही अर्ज कर. दोन्हीकडे जागा मिळाली नाही तर स्वयंम योजना आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या आदिवासी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणाचे पैसे थेट खात्यात येतात, मोठ्या शहरासाठी रक्कम थोडी जास्त असते. फक्त ते पैसे वेळेवर येतीलच असं धरून चालू नकोस. पहिले तीन-चार महिने निघतील एवढी सोय घरून किंवा उसनवारीने करून ठेव. विद्यापीठात 'कमवा आणि शिका' योजना आहे. दिवसाचे काही तास काम, त्याचे तासावर पैसे. माझे कितीतरी विद्यार्थी त्यावर शिकले. त्यात कमीपणा मानू नकोस आणि कुणी मानला तर तिकडे लक्ष देऊ नकोस.

टीसी मूळ प्रत एकाच ठिकाणी जमा होते, हे लक्षात ठेव. दोन्ही डगरींवर पाय ठेवायच्या नादात नाशिकच्या कॉलेजात टीसी देऊन बसलीस, तर पुण्याची शेवटची तारीख निघून जाईल. आधी पुण्याच्या वसतिगृहाचं काय होतंय ते बघ. नाशिकच्या फीच्या शेवटच्या तारखेपर्यंत पुण्यात राहण्याचा कुठलाच मार्ग निघाला नाही, तर मुकाट्याने नाशिकचं कॉलेज घे आणि मन लावून शिक. तिथला शिक्षक चांगला असेल तर तुझं काही बुडणार नाही. सेटची परीक्षा सगळ्यांना सारखीच असते, आणि पेपर तपासणाऱ्याला तू कुठल्या बाकावर बसलीस ते दिसत नाही.

बाबांचं मुद्दाम शेवटी ठेवलं. ते ओट्यावर जाऊन बसतात म्हणजे त्यांचा नकार आहे असं समजू नकोस. पुण्यात तू कुठे झोपशील, काय जेवशील, रात्री दुखलं-खुपलं तर कोण बघेल, याचं चित्र त्यांच्यासमोर नाही. त्यांना एकदा सोबत ने. तुला एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यांचं तेवढं पूर्ण पडेल. नाशिकहून सकाळची पहिली गाडी पकडा, सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत दुपारपर्यंत पुण्यात पोचाल. चाकणला गाडी अडकेल, त्याची तयारी ठेवा. त्यांना वसतिगृहाची खोली दाखव, मेस दाखव, वॉर्डन बाईंशी चार शब्द बोलू दे. सुरगाणा-कळवणकडच्या मुली तिथे आधीपासून असतील, त्यांची भेट घालून दे. माझे वडील मला सोडायला आले होते तेव्हा मेसमधल्या आचाऱ्याशी तासभर बोलत बसले होते. भाकरी मिळते का, एवढंच विचारत होते. परत जाताना ते निवांत होते.

पुण्याला जाण्याआधी कळवणला आदिवासी विकास विभागाच्या प्रकल्प कार्यालयात एक दिवस घाल. सुरगाणा त्यांच्याकडेच येतो. वसतिगृह आणि स्वयंम, दोन्हींचे अर्ज कुठल्या कार्यालयाकडे जातात ते विचार, कागद कमी असेल तर तिथेच लिहून घे, आणि काही कागद दिलास तर पोच घेतल्याशिवाय निघू नकोस. पोचेवर तारीख आणि शिक्का आहे का ते टेबलासमोर उभी असतानाच बघ.